उलुरू पाहावयास जाणाऱ्यांसाठी

ऑस्ट्रेलियात मुलाकडे वा मुलीकडे दोन-तीन महिन्यांच्या मुक्कामासाठी जाणाऱ्या मराठी आईवडिलांची संख्या आता थोडीथोडकी राहिलेली नाही. आणि सिडनी-मेलबर्नचे समुद्रकिनारे, बागा व वस्तुसंग्रहालये पाहून झाली की त्या खंडाच्या मध्यभागी, वाळवंटात, शतकानुशतके एकटा उभा असलेला जो तांबडा पाषाण आपण शाळेतील भूगोलाच्या पुस्तकापासून चित्रांत पाहत आलो, तो एकदा प्रत्यक्ष पाहावा अशी इच्छा त्यांतील पुष्कळांना होते. तथापि प्रवासाचा आराखडा आखताना या पाषाणाच्या वाट्याला बहुधा एकच रात्र येते. दुपारी विमानातून उतरावे, संध्याकाळी मोटारीच्या तळावरून सूर्यास्त पाहावा, छायाचित्रे काढावी आणि दुसऱ्या दिवशी परतावे, असा हा शिरस्ता पडून गेला आहे. प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत असे की, एवढ्यासाठी हा लांबचा आणि महागडा प्रवास करू नये. उलुरू दुरून पाहिला तर तो एक भव्य आकार आहे. परंतु त्याच्या पायथ्याने चालत गेल्यास तो पृथ्वीच्या पन्नास-पंचावन्न कोटी वर्षांच्या घडामोडींचा दस्तऐवज आहे, आणि तो वाचता येण्यासाठी भूशास्त्राची पदवी लागत नाही, दोन मोकळ्या सकाळी लागतात. निदान दोन रात्री, शक्य तर तीन, एवढी तजवीज करूनच तिकिटे काढावीत. उलुरू ज्या राष्ट्रीय उद्यानात आहे त्याच्या प्रवेशपत्राची मुदतही तीन दिवसांचीच असते.

ऋतूचा विचार आधी केला पाहिजे, कारण तेथे आपली फसगत होण्याचा संभव अधिक. दक्षिण गोलार्धात ऋतू उलट असतात हे आपल्याला पाठ असते, पण रजा ठरवताना ते आठवत नाही; मुलांना नाताळची सुटी असते म्हणून डिसेंबर-जानेवारीत सारे कुटुंब तिकडे निघते, आणि तेव्हा तेथे ऐन उन्हाळा असून पारा चाळीस अंशांच्या वर जाणे हे नित्याचे असते. मे ते सप्टेंबर हा काळ उत्तम. आपल्याकडील शाळांची उन्हाळ्याची सुटी मे महिन्यात येते, हा योग नातवंडांसह जाऊ इच्छिणाऱ्यांना फार सोयीचा आहे. मात्र या दिवसांत, दुपार कितीही सुखद असली तरी, पहाटेचे तापमान शून्याच्या आसपास आणि कधी त्याच्याही खाली उतरते. वाळवंट म्हणजे केवळ ऊन अशी समजूत करून घेऊन जे सुती कपड्यांवर निघतात ते सूर्योदयाच्या वेळी कुडकुडत उभे राहतात. लोकरीची टोपी आणि हातमोजे सामानात असलेच पाहिजेत. येथील घड्याळ भारतीय प्रमाणवेळेच्या बरोबर चार तास पुढे असते आणि उन्हाळ्यात ते बदलत नाही. उलट सिडनी-मेलबर्नची घड्याळे उन्हाळ्यात एक तास पुढे केली जातात, त्यामुळे त्या शहरांतून उलुरूला येताना थंडीत अर्ध्या तासाचा तर उन्हाळ्यात दीड तासाचा फरक पडतो. परतीच्या विमानाची वेळ पाहताना याचे भान ठेवावे.

सिडनी किंवा मेलबर्नहून विमान सुमारे तीन-साडेतीन तासांत तेथे पोहोचते. विमानतळापासून काही किलोमीटरवर युलारा हे लहानसे गाव आहे. सगळी निवासस्थाने तेथेच. पूर्वी पाषाणाच्या अगदी पायथ्याशी खानावळी व मोटेली होत्या. त्यांनी भूमीचे आणि पाण्याचे नुकसान होते असे दिसून आल्यावर १९८० नंतरच्या काही वर्षांत ती वस्ती उठवून उद्यानाच्या हद्दीबाहेर, सुमारे वीस किलोमीटर दूर, हे नवे गाव वसवण्यात आले. उद्यानात रात्री मुक्काम करण्यास मज्जाव आहे. युलाऱ्यातील खोल्या महाग असतात व हंगामात लवकर भरतात, म्हणून चार-सहा महिने आधी बंदोबस्त करावा. ज्यांना तंबूत राहण्याची सवय आहे त्यांच्यासाठी तेथे तळ आहे, आणि वाणसामानाचे एक दुकानही आहे. शाकाहारी मंडळींनी भाजी-भाकरीची चिंता करू नये, पण फार निवडीची अपेक्षाही ठेवू नये. भारतातून लाडू, चिवडा, लोणचे असे जे काही नेलेले असेल त्याची नोंद ऑस्ट्रेलियात उतरतानाच्या जाहीरनाम्यात अवश्य करावी. न सांगता नेलेल्या खाद्यवस्तूंबद्दल तेथील जकात अधिकारी दंड करतात, आणि सांगितलेल्या वस्तू फार तर काढून घेतल्या जातात.

ज्यांच्यापाशी सवड आहे आणि सोबत मोटार चालविणारे कोणी तरुण माणूस आहे, त्यांनी ॲलिस स्प्रिंग्जला उतरून रस्त्याने यावे असे मी म्हणेन. अंतर सुमारे साडेचारशे किलोमीटर. आधी दक्षिणेकडे स्टुअर्ट महामार्ग, मग अर्लडंडा येथून पश्चिमेकडे लॅसिटर महामार्ग. या दुसऱ्या रस्त्यावर डाव्या हाताला सपाट माथ्याचा एक प्रचंड डोंगर दिसू लागतो आणि प्रवासी हर्षभराने मोटार थांबवतात. तो उलुरू नव्हे, तो माउंट कॉनर, आणि उलुरू तेथून अजून सुमारे शंभर किलोमीटर पुढे आहे. सूर्यास्तानंतर या रस्त्याने मोटार चालवू नये, कारण कांगारू, मोकाट गुरे आणि उंट अंधारात एकाएकी आडवे येतात. उंट तेथे कोठून आले, असा प्रश्न मनात येईल. एकोणिसाव्या शतकात या कोरड्या प्रदेशाच्या शोधमोहिमांसाठी उंट आणि त्यांचे हाकणारे आपल्याच उपखंडाच्या वायव्य भागातून नेण्यात आले. १८६० सालच्या एका प्रसिद्ध मोहिमेचे उंट कराचीहून जहाजात चढले होते. १९ जुलै १८७३ रोजी विल्यम गॉस या सर्वेक्षकाने हा पाषाण पाहिला आणि दक्षिण ऑस्ट्रेलियाचे त्या वेळचे मुख्य सचिव सर हेन्री एअर्स यांच्यावरून त्याला ‘एअर्स रॉक’ असे नाव दिले. त्या वेळी गॉसबरोबर माथ्यावर चढलेला दुसरा माणूस होता कामरान नावाचा त्याचा उंटवान. सर हेन्री यांनी आपल्या नावाचा हा पाषाण पाहिल्याचे कोठे प्रसिद्ध नाही; कामरानने तो पायाखाली अनुभवला, आणि तरीही पाषाणाला त्याचे नाव मिळाले नाही, ही गोष्ट उपखंडातून जाणाऱ्या प्रवाशाने तरी स्मरणात ठेवावी.

आता मुख्य विषय. उलुरूची उंची भोवतालच्या मैदानापासून ३४८ मीटर आणि पायथ्याचा घेर ९.४ किलोमीटर. हा वाळूत येऊन पडलेला एक अजस्र धोंडा आहे, अशी समजूत पुष्कळांची असते, आणि ती काढून टाकल्याखेरीज पुढचे काहीच नीट दिसणार नाही. जे दिसते ते भूगर्भात अनेक किलोमीटर खोल गेलेल्या एका विशाल थराचे केवळ उघडे पडलेले टोक होय. सुमारे ५५ कोटी वर्षांपूर्वी या प्रदेशाच्या दक्षिण-पश्चिमेस उंच पर्वतरांगा उभ्या होत्या. त्या वेळी भूमीवर वृक्ष नव्हते, गवत नव्हते, त्यामुळे पावसाच्या लोंढ्यांना अडवणारे काहीच नव्हते, आणि ते पर्वत झिजून त्यांची वाळू व गोटे पायथ्याशी पंख्याच्या आकाराच्या प्रचंड राशींनी साचत गेले. एका राशीत वाळू अधिक होती, तिचा उलुरू झाला. दुसरीत गोटे आणि दगड अधिक होते, तिचा काटा जुटा झाला, ज्याविषयी पुढे येईलच. पुढे त्यांवर उथळ समुद्र आला, त्याच्या गाळाच्या भाराखाली वाळूचा खडक बनला. आणि सुमारे ४० ते ३० कोटी वर्षांपूर्वीच्या भूहालचालींत सारा प्रदेश दुमडला जाऊन समुद्र हटला व उलुरूचे मूळचे आडवे थर जवळजवळ काटकोनात उभे राहिले. आजूबाजूचा मऊ खडक वाऱ्यापाण्याने झिजून गेला, हा कणखर होता म्हणून राहिला.

सह्याद्रीत हिंडलेल्या मराठी माणसाला हे समजून घेणे इतरांपेक्षा सोपे जावे. आपले थर लाव्हारसाचे, आणि ते आडवे. घाटात कोठेही उभे राहिले की एकावर एक रचलेले पट्टे डोळ्यांना दिसतात. उलुरूच्या माथ्यावरून पायथ्यापर्यंत उतरणाऱ्या ज्या समांतर खाचा सूर्य तिरपा असताना विशेष ठळक होतात, त्या म्हणजे तेथील थरांच्या कडा होत. फळीवर उभ्या लावलेल्या पोथ्यांच्या पाठी जशा दिसाव्यात तशा. आपल्या घाटातील आडव्या रेषा मनात धरून तेथे जावे आणि या उभ्या रेषांपुढे पाच मिनिटे शांतपणे उभे राहावे, म्हणजे भूपृष्ठ उलथवणाऱ्या शक्तीची जी कल्पना येईल ती कोणत्याही पुस्तकाने येणार नाही.

म्हणून पायथ्याची पूर्ण प्रदक्षिणा करावी, हा या लेखातील सर्वांत महत्त्वाचा सल्ला. वाट साडेदहा किलोमीटरच्या किंचित वर, जवळजवळ संपूर्ण सपाट. सावकाश चालणाऱ्याला साडेतीन ते चार तास पुरतात. माला नावाच्या वाहनतळापासून, फटफटीत होण्याच्या सुमारास, पाषाण उजव्या हाताला ठेवून निघावे. उद्यानाचे अधिकारीही याच दिशेची शिफारस करतात. पहिल्या किलोमीटरभरात कांजू घळ लागते, तेथील कडा इतका सरळ आहे की मान मागे टाकूनही वरची कड नजरेत येत नाही. वाटेवर मुभा आहे तेथे भिंतीच्या अगदी जवळ जावे आणि पृष्ठभाग निरखून पाहावा. दुरून गुळगुळीत दिसणारा तो पाषाण जवळून तांबड्या पापुद्र्यांनी आच्छादलेला असतो, आणि जेथे पापुद्रा सुटून पडला आहे तेथे आत राखाडी रंग दिसतो. हाच खडकाचा खरा रंग. तांबडेपणा म्हणजे खडकातील लोहाला हवा व ओल लागून चढलेला गंज, आणि तो केवळ पृष्ठभागापुरताच आहे. गुहांच्या आतल्या, अलीकडे उघड्या पडलेल्या भागांत तो अजून पुरता चढलेला नाही. आणखी जवळ गेले तर खडकात फेल्डस्पार या खनिजाचे टोकदार कण चमकतात. फेल्डस्पार पाण्यात लांबवर वाहत गेल्यास कुजून माती होते. ते येथे शाबूत आहे, त्याअर्थी ती वाळू आपल्या पर्वतापासून फार दूर न जाता झपाट्याने साचली, असा निष्कर्ष भूशास्त्रज्ञ काढतात. अशा वालुकाश्माला आर्कोज म्हणतात. एवढ्याशा कणात पंचावन्न कोटी वर्षांपूर्वीच्या पर्वताचा पुरावा टिकून राहावा, याहून मोठे नवल त्या सबंध परिसरात मला तरी दुसरे वाटत नाही.

माथ्यावरून खाली आलेले काळे पट्टे पाहून काहींना ते मुद्दाम रंगवले असावेत असे वाटते. त्या पावसाच्या पाण्याच्या वाटा असून काळेपणा वाळलेल्या शेवाळाचा आहे. वर्षाकाठी येथे साधारण तीनशे मिलिमीटर पाऊस पडतो, पण पडतो तेव्हा या प्रत्येक पट्ट्याचा धबधबा होतो. तो योग ज्याला लाभेल त्याने पावसाबद्दल कुरकुर करू नये. दक्षिणेच्या अंगाला मुटिजुलू नावाचा पाणवठा आहे, तेथे प्रदक्षिणेत अर्धा तास तरी बसावे. ज्यांच्या गुडघ्यांना पूर्ण फेरी झेपणार नाही त्यांनी निराश होण्याचे कारण नाही: वाहनतळापासून या पाणवठ्यापर्यंतची कुनिया वाट जाऊन-येऊन एक किलोमीटर आहे, कांजू घळीपर्यंतची माला वाट दोन किलोमीटर, आणि दोन्हींवर चाकांची खुर्चीही नेता येते. माला वाटेवर उद्यानाचे रक्षक सकाळी विनामूल्य माहिती देत बरोबर चालतात. त्या दिवसाची वेळ सांस्कृतिक केंद्रात विचारून घ्यावी.

ही भूमी कोणाची, हे जाणून घेतल्याखेरीज प्रदक्षिणेला अर्थ नाही. येथील मूळ रहिवासी अनांगू लोक. २६ ऑक्टोबर १९८५ रोजी सरकारने या जमिनीची मालकी त्यांना परत केली आणि त्यांनी ती ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने उद्यानासाठी दिली, तेव्हापासून कारभार उभयतांच्या मंडळामार्फत चालतो व मंडळात अनांगूंचे बहुमत असते. युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत हे स्थळ १९८७ मध्ये निसर्गासाठी आणि १९९४ मध्ये संस्कृतीसाठी दाखल झाले. अनांगूंच्या धर्माचे, कायद्याचे आणि ज्ञानाचे जे एकत्रित रूप, ज्याला ते जुकुर्पा म्हणतात, त्यात या पाषाणाची प्रत्येक खाच, गुहा व डाग यांना पूर्वजांच्या कृत्यांचा अर्थ आहे. मुटिजुलूच्या पाणवठ्यापाशी कुनिया ही अजगर-स्त्री आपल्या भाच्याच्या वधाचा सूड घेण्यास आली आणि तिने लिरू जातीच्या विषारी सर्प-योद्ध्यावर काठीचे घाव घातले; ते घाव कड्यावर भेगांच्या रूपाने आजही दाखवले जातात. वऱ्हाडापासून कोकणापर्यंत प्रत्येक टेकडीला, कुंडाला आणि पावलाच्या ठशाला कथा असलेल्या प्रदेशातून आपण जातो. तेव्हा या कथा कौतुकाने नव्हे तर आदराने ऐकाव्यात.

ईशान्येकडील बाजूला वाट पाषाणापासून थोडी दूर जाते आणि फलक लागतात की, येथे छायाचित्र काढू नये. ही स्थळे विशिष्ट स्त्रियांनी वा विशिष्ट पुरुषांनीच पाहावयाची असतात; चित्र जगभर पसरले तर ज्याला निषेध आहे त्याच्याही दृष्टीस ते पडेल, हे त्या ताकिदीचे कारण. ती अक्षरशः पाळावी. गुहांतील चित्रांना हात लावू नये; पूर्वी ती उठावदार दिसावीत म्हणून वाटाडे त्यांवर पाणी मारीत आणि त्या अविचाराने चित्रांची जी हानी झाली ती भरून येणारी नाही.

पाषाणावर चढण्याचा प्रश्न आता उरलेला नाही. १९६४ साली बसवलेल्या साखळीला धरून हजारो लोक वर जात. अनांगूंची विनंती होती की चढू नका, आणि त्या चढणीत सदतीस माणसे मृत्यू पावल्याची नोंद आहे. पाहुणा आपल्या भूमीवर मेला तर त्याचे दुःख यजमानाला वाहावे लागते, ही त्यांची भावना. २६ ऑक्टोबर २०१९ पासून चढाई कायमची बंद झाली, आणि ते योग्यच झाले.

दुसरी सकाळ काटा जुटासाठी राखावी. युलाऱ्यापासून सुमारे पन्नास किलोमीटरवर छत्तीस घुमटांचा हा समूह आहे. त्यातील सर्वांत उंच घुमट मैदानापासून ५४६ मीटर, म्हणजे उलुरूपेक्षा जवळजवळ दोनशे मीटरांनी उंच, तरीही बहुतेक प्रवासी याला टाळून परततात याचा मला खेद वाटतो. येथील खडक पिंडाश्म. ग्रॅनाइट व बेसॉल्ट यांचे मुठीएवढे ते डोक्याएवढे गोटे वाळूच्या चुन्यात पक्के बसलेले स्पष्ट दिसतात. वाल्पा घळीची वाट अडीच किलोमीटरच्या आसपास व सोपी. ‘व्हॅली ऑफ द विंड्स’ ही वाट ७.४ किलोमीटर, खडतर, आणि त्या दिवशी ३६ अंश वा अधिक तापमानाचा अंदाज असेल तर सकाळी ११ वाजता कारू या टप्प्यापुढे बंद करण्यात येते. तिकडे जाताना रस्त्यालगतचे वाळवंटी ओक पाहावेत. लहान झाड काठीसारखे सरळसोट वाढते, मुळे खोल पाण्याला पोहोचली म्हणजे मगच फांद्या पसरते. दोन्ही अवस्थांची झाडे शेजारी-शेजारी उभी असतात.

पाण्याच्या बाबतीत कुचराई नको. चालण्याच्या प्रत्येक तासाला माणशी एक लिटर पाणी बरोबर घ्यावे, उन्हाळ्यात सकाळी ११ च्या आत चाल संपवावी, डोक्यावर रुंद काठाची टोपी आणि पायांत बंद बूट असावेत. उबदार महिन्यांत माश्या डोळ्या-तोंडावर इतक्या बसतात की चेहऱ्यावर घेण्याची जाळी विकत घेण्यास संकोच करू नये. सूर्यास्ताच्या तळावर सूर्य क्षितिजाखाली गेल्याबरोबर गर्दी मोटारींत बसू लागते. आपण आणखी थोडे थांबावे, कारण गडद रंग त्यानंतरच चढतो. जून-जुलैच्या रात्री युलाऱ्यातही अंगणात येऊन वर पाहावे: आपल्याकडे दक्षिणेस कललेला वृश्चिक तेथे माथ्यावर येतो आणि ज्येष्ठेचा तांबडा तारा जवळजवळ थेट डोक्यावर असतो.

एक शेवटची विनंती. आठवण म्हणून येथील खडा किंवा चिमूटभर तांबडी माती उचलून आणण्याचा मोह पुष्कळांना होतो. असे नेलेले दगड जगाच्या निरनिराळ्या देशांतून, क्षमा मागणाऱ्या पत्रांसह, टपालाने उद्यानाच्या कचेरीत परत येत असतात; पण नेमका कोणता दगड कोठला हे कळत नसल्याने त्यांना जागेवर ठेवता येत नाही. आपण तेथून काहीही उचलू नये. उद्यानाच्या कायद्यानेही त्यास मनाई आहे.